दगडाचा पाऊस पाडणारी खोली

सरकारी ठिकाणी डेडस्टॉक नावाचा एक प्रकार असतो. मोडकी खुर्ची, जळका पंखा, मेलेला कॉम्प्युटर, काहीही असो, एकदा त्याच्यावर नंबर पडला की ते फेकता येत नाही. फेकायला समिती यावी लागते. समिती येत नाही. मग ते सामान जिन्याखाली साठत जातं आणि जाता-येता गुडघ्याला लागतं. किश्शांचं तसंच आहे. रिटायर होताना लोकांनी मला शाल दिली, नारळ दिला आणि हे सगळं माझ्या डोक्यात तसंच राहू दिलं. घरात सांगायला गेलो तर सून टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून इथं उतरवतोय.

मी चौथी शिकलो. पाचवीचे मास्तर आवडले नाहीत म्हणून शाळा सोडली, आणि पुढं जन्मभर मास्तरांच्यातच नोकरी केली. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स डिपार्टमेंटला शिपाई होतो. तिथं कोपऱ्यात एक खोली होती. त्या खोलीत तीन माणसं बसून परक्या ग्रहांचं हवामान काढायची. एक घोरपडे सर. नव्वदच्या आसपास ते आपल्याच पावसाचं गणित करायचे. पुढं दुसऱ्या सूर्यांभोवतीही ग्रह आहेत अशा बातम्या यायला लागल्या आणि सरांचं इथल्या पावसावरचं लक्ष उडालं. दुसरी सुनंदा कांबळे, गडमुडशिंगीची, सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी. तिसरा शिवानंद, गडहिंग्लजच्या पलीकडचा लिंगायत पोरगा, कॉम्प्युटर सांभाळणारा. तो सुनंदाला अक्का म्हणायचा, मला मामा म्हणायचा, आणि मशीन अडलं की कानडीत शिव्या द्यायचा.

*

एकदा मी सरांना सरळ विचारलं, "सर, ह्या खोलीत नेमकं चालतंय काय? बाहेर लोक मला विचारतात."

सरांना असं कोणी विचारत नसे. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "दत्तोबा, काही ग्रह आपल्या पृथ्वीसारखेच दगडाचे आहेत. पण त्यांच्या सूर्याला इतके चिकटलेत, जसं थंडीत मांजर चुलीला चिकटतं. एक अंग कायम उन्हात, एक अंग कायम अंधारात. उन्हाच्या अंगाला दगड वितळतो. नुसता वितळत नाही, त्याची वाफ होते. ती वाफ वाऱ्यानं अंधाराकडं जाते, गार होते, आणि दगडाचा पाऊस पडतो. हे सगळं तिथं न जाता कॉम्प्युटरवर मांडायचं. त्याला मॉडेल म्हणतात."

"तिथं राहतंय कोण?"

"कोणी नाही."

"मग हवामान कुणासाठी काढायचं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "चहा आण."

पुढच्या वर्षी तपासणीला समिती आली. समितीच्या अध्यक्षांनी अख्खी खोली बघितली, भिंतीवरची रंगीत चित्रं बघितली आणि शेवटी माझाच प्रश्न विचारला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडं बघितलं. मी न सांगता चहा आणायला गेलो. परत आलो तोवर समितीनं 'समाधानकारक' असा शेरा लिहूनही टाकला होता.

*

सर हवामानाचे आहेत एवढंच गल्लीला माहीत. कुठलं हवामान, हे कोणी विचारत नव्हतं.

तालमीचे वस्ताद एकदा सकाळी सकाळी डिपार्टमेंटला आले. दारातनंच विचारलं, "सर, रविवारी कुस्त्यांचं मैदान हाय. पाऊस येतोय का काय ते सांगा."

सर म्हणाले, "वस्ताद, मी इथलं हवामान बघत नाही."

"मग कुठलं बघता?"

"लांबच्या ग्रहाचं. तिथून उजेड इथं यायलाच शेकडो वर्षं लागतात."

वस्तादांनी जरा विचार केला. "तिथं रविवारी कोरडं हाय का?"

"कोरडं आहे. पण दगड पडतील."

"मग मैदान हितंच ठेवतो," वस्ताद म्हणाले आणि गेले.

रविवारी धो धो पाऊस झाला. मैदान वाहून गेलं. सर बघायला गेले होते, तेही बिनछत्रीचे. सोमवारी शिंकत आले तर मी नुसतं बघितलं. सर म्हणाले, "दत्तोबा, ते माझं क्षेत्र नाही."

*

खोलीत एसी होता. तो माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. प्रिन्सिपॉलच्या डोक्यावर पंखा आणि मशीनला एसी, असा आमच्याकडचा मान.

एप्रिल उजाडला की अख्ख्या कॉलेजला ग्रहांची गोडी लागायची. अकाउंटचे भाऊसाहेब, इतिहासाचे सर, लायब्ररीच्या बाई, जिमखान्याचे सर, सगळे खुर्च्या घेऊन आत. दारातनं शिरताना एकच वाक्य: "काय म्हणतोय ग्रह?" उत्तराला कोणी थांबत नसे. एसीखालची जागा कोणाची यावरनं इतिहास आणि जिमखान्याचं भांडण झालेलं मी सोडवलंय.

सुनंदा वैतागली. एवढी माणसं आत कोंबली की मशीन तापून बंद पडायचं. ती सरांना म्हणाली, "सर, ग्रहापेक्षा ह्यांचीच उष्णता जास्त व्हालीय."

सरांनी तोड काढली. आत बसेल त्याला व्याख्यान ऐकावं लागेल. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी फळ्यावर गणित मांडून, ऊन दगडात किती शिरतं आणि किती परत फिरतं, हे तासभर. मला वाटलं, आता पळतील. कुठलं काय! लायब्ररीच्या बाई विणकाम घेऊन आल्या. भाऊसाहेब पहिल्या बाकावर बसून मान डोलवत झोपायचे. सर इतके खूश की म्हणाले, "दत्तोबा, मी उगाच लोकांना नावं ठेवत होतो. जिज्ञासा आहे."

जून लागला, हवा गार झाली आणि जिज्ञासा संपली. खोलीत परत तीन माणसं.

मी भाऊसाहेबांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "दोन महिने ऐकलासा. कळलं काय?"

"एक कळलं," भाऊसाहेब म्हणाले. "तिथं एसी न्हाय."

*

ग्रहाच्या उन्हाच्या अंगाला आणि अंधाराच्या अंगाला इंग्रजीत लांबलचक नावं होती. शिवानंदला ती टाइप करायचा कंटाळा. त्यानं कॉम्प्युटरात उन्हाच्या अंगाला नाव दिलं 'तांबडा' आणि अंधाराच्या अंगाला 'पांढरा'. आपला रस्सा असतो तसा. सरांनी दोन दिवस आरडाओरडा केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "तांबड्याकडचा वारा वाढव जरा."

गंमत अशी की शिवानंद लिंगायत. मटणाच्या ताटाशेजारी बसायचा नाही. मी म्हटलं, "अरे, तू जन्मात रस्सा चाखला न्हाईस, आणि नावं कशाला रस्स्याची?"

"मामा," तो म्हणाला, "त्या ग्रहावर तरी कुठं जाऊन आलोय आपण?"

मग एकदा पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ आले. चित्रांवर सगळीकडं तांबडा आणि पांढरा. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "ही नावं कुठल्या शास्त्रज्ञांची?"

सर म्हणाले, "स्थानिक परंपरा आहे."

पाहुण्यांनी मान हलवली आणि ते डायरीत उतरवून घेतलं. दुपारी आम्ही त्यांना खानावळीत नेलं. वाढपी दोन्ही हातांत दोन भांडी घेऊन आला आणि म्हणाला, "पावणं, तांबडा का पांढरा?"

पाहुण्यांनी वाढप्याकडं बघितलं. मग सरांकडं बघितलं. सर ताटात बघत होते.

पाहुण्यांनी तांबड्याची वाटी उचलली आणि एका दमात प्यायली. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, कान लाल. रुमाल काढून सगळं पुसलं आणि म्हणाले, "पटलं. दगड वितळत असणार."

*

खंडेनवमीला शिवानंदनं खोलीतल्या तिन्ही मशीनना हळद-कुंकू लावलं आणि झेंडूचे हार घेऊन निघाला. दोघांच्या गळ्यात घातले. सुनंदाच्या मशीनपाशी गेला तर ती आडवी उभी राहिली.

"माझ्या मशीनला हार नगं."

"अक्का, वर्साचा सण हाय."

"हार फोटोला घालत्यात. माझं मशीन अजून जित्तं हाय."

शिवानंद म्हणाला, "बंद पडलं तर मला सांगू नगंस."

मी मध्ये पडलो. म्हटलं, तुझ्या दोन मशीनला घाल, तिचं तिला बघू दे, आणि प्रसादाचे पेढे इकडं दे. दुपारी भारनियमनाची लाइट गेली. जनरेटर चालू करायला गेलो तर त्यानं आवाज केला आणि तोही गप्प. हारवाली दोन्ही मशीन बंद. बिनहाराचंही बंद. आम्ही तिघंही अंधारात बसून राहिलो.

थोड्या वेळानं सुनंदाचा आवाज आला, "बघ शिवानंद, भारनियमन धर्म बघत न्हाई."

शिवानंद म्हणाला, "पेढा घे."

तिनं घेतला.

*

आता ढगाचं सांगतो.

सुनंदाचं काम एका ठरावीक ग्रहावर होतं. तांबड्याकडनं दगडाची वाफ निघायची, पांढऱ्याकडं जायची. दोन्हीच्या मध्ये जिथं ऊन संपतं आणि अंधार सुरू होतो, तिथं कायमची संध्याकाळ. त्या संध्याकाळच्या कडेवर तिच्या चित्रात एक ढग दिसायला लागला. दगडाचा ढग. एकाच जागी उभा, हलायचा नाही, विरायचा नाही. असा ढग सरांनी तोवर कुठल्याच अभ्यासात वाचला नव्हता. सरांनी तो बघितला त्या दिवशी मला तीनदा चहा आणायला लावला आणि एकदाही प्यायले नाहीत.

पुढच्या रविवारनंतर सर कामावर आले तर कानात गुलाल.

सर देव मानत नव्हते. निदान वर्गात तरी. मी म्हटलं, "सर, जोतिबाला गेलतासा?"

"डोंगरावरचं वारं बघायला गेलतो."

"मग कानात गुलाल कसा?"

"वारं होतं ना."

"कुठल्या दिशेचं?"

सर म्हणाले, "दत्तोबा, तू फार विचारतोस."

तो ढग सुनंदाच्या प्रबंधाचा कणा झाला. एक मोठं प्रकरण नुसतं ढगावर. प्रबंध बांधून झाला, बाहेरच्या परीक्षकांकडं गेला, तोंडी परीक्षेची तारीख पडली. इकडं जवळच्याच एका कॉलेजात तिची प्राध्यापकाची जागा ठरल्यातच जमा होती. नावापुढं डॉक्टर लागायचं तेवढं बाकी. तोंडी परीक्षेत नापास झाली तर जागा दुसऱ्याला जाणार, हे उघड होतं.

तिचे वडील शामराव एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले. एक दिवस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून डिपार्टमेंटला आले. सरांना म्हणाले, "जय भीम सर. एकच विचारायचं हाय. पोरगी सांगती, लांब कुठं दगडाचा ढग हाय. गावात लोक मला विचारत्यात. खरं हाय नव्हं हे?"

सर म्हणाले, "शामराव, शंभर टक्के."

शामरावांना तेवढं पुरलं. आठवडा झाला नाही तोवर गडमुडशिंगीच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. 'परग्रहावर ढग शोधणारी गावची सुकन्या डॉ. सुनंदा शामराव कांबळे यांचे हार्दिक अभिनंदन.' परीक्षा व्हायची होती अजून. आमच्याकडं फ्लेक्स परीक्षेला थांबत नाही. सुनंदाचा फोटो पेरूएवढा आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो परातीएवढे. मध्ये ग्रह, त्याला भलंमोठं कडं, आणि त्याच्यावर पांढराशुभ्र कापसासारखा ढग.

सुनंदा फ्लेक्सवाल्याकडं गेली. म्हणाली, "ह्या ग्रहाला कडं न्हाई ओ."

तो म्हणाला, "ताई, कडं न्हाई लावलं तर लोकांस्नी भाकरी वाटती."

*

परीक्षेला पंधरवडा राहिला असेल. सुनंदा खोलीत एकटीच चित्र बघत बसलेली. मी चहा ठेवला. संध्याकाळी गेलो तर चहा तसाच, साय धरलेला. मला असलं आवडत नाही. म्हटलं, "पोरी, प्यायचा नव्हता तर सांगायचं."

ती म्हणाली, "मामा, ह्या ग्रहाची वरची बाजू आणि खालची बाजू सारखीच हाय. ऊन सारखं, दगड सारखा. मग ढग वरच्या बाजूलाच का? खाली का न्हाई?"

मी म्हटलं, "त्याची मर्जी."

ह्याच्यापलीकडं मला त्यातलं कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. पण तिला ते चैन पडू देईना. तिनं कॉम्प्युटरात त्या ग्रहाचा सूर्य जरासा सरकवला. सूर्य सरकला की संध्याकाळची कड सरकते. कड सरकली की ढगानंही सरकायला पाहिजे. ढग जागचा हलला नाही.

शिवानंद बघत होता. म्हणाला, "हा ढग न्हाय अक्का, जावई हाय. उठायचं नाव घेईना."

मग ती सरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये शिरली. दोन दिवस एकेक ओळ वाचत बसली. तिसऱ्या दिवशी सर आले, खुर्चीत बसले, आणि तिनं विचारलं, "सर, हे मॉडेल मुळात पृथ्वीचं. ग्रहासाठी वापरायला घेतलं तवा तुम्ही ह्यातलं डोंगर काढलं होतं न्हवं?"

"काढले की. समुद्र काढले, जंगलं काढली, डोंगर काढले. सगळं सपाट केलं."

"हिमालय?"

"गेला."

"बाकीचे?"

"सगळे गेले."

"सर, एक राहिलाय."

"कुठला?"

"आपला."

सर उठून तिच्या मशीनपाशी गेले आणि वाकून बघत राहिले. झालं होतं असं. तरुणपणी सरांनी आपल्या पावसाचा अभ्यास केला तेव्हा परदेशातनं आलेल्या त्या मॉडेलमध्ये आपला घाट फार बुटका होता. घाट बुटका म्हणून ढग वर चढायचा नाही, आणि पाऊस कोल्हापूर सोडून भलतीकडंच पडायचा. सरांना राग आला. त्यांनी स्वतःच्या हातानं प्रोग्रॅममध्ये चार ओळी लिहून घाट उंच केला. पुढं ग्रहाचं काम आलं तेव्हा नकाशातले सगळे डोंगर पुसले. हा डोंगर नकाशात नव्हताच. तो ह्या चार ओळींत होता. जगातले डोंगर गेले आणि कोल्हापूरच्या पश्चिमेचा गगनबावड्याचा घाट तेवढा त्या तापलेल्या ग्रहावर उभा राहिला. दगडाची वाफ त्याला आपटून वर चढत होती आणि ढग होत होता.

शिवानंदनं धीर केला. "सर, असू दे की. त्या ग्रहावर डोंगर नसंलच कशावरनं? कोण गेलंय बघायला?"

सुनंदा म्हणाली, "डोंगर असंल. गगनबावडा नसंल."

सर परत खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, "सुनंदा, परीक्षकांना हे दिसणार नाही. त्या चार ओळी ह्या खोलीबाहेर कोणाला ठाऊक नाहीत. तू गप्प बसलीस तर डॉक्टर होशील. बोललीस तर काय होईल ते मला सांगता येत नाही. चूक माझी आहे, प्रबंध तुझा आहे. तू ठरव."

शिवानंद म्हणाला, "आणि बोर्ड लागलाय फाट्यावर."

ती म्हणाली, "त्या बोर्डाखालनंच रोज बस पकडती मी. माहीत हाय मला."

त्या दिवशी पुढ्यातला चहा मात्र गरम असतानाच प्यायली.

*

तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते. खुली म्हणजे कोणीही येऊन मागं बसायचं, असं मला वाटायचं. गडमुडशिंगीला ती जत्रेसारखी खुली वाटली. ट्रॅक्स भरून माणसं आली. काही फेटे बांधून. हलगीवाला पण आणलेला, त्याला मी गेटवरच थांबवला. म्हटलं, परीक्षा हाय, वरात न्हाई. तो म्हणाला, "मग झाल्यावर वाजवतो की पावणं." शामराव पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, हात गुडघ्यावर ठेवून.

परीक्षक म्हातारे, बारीक, तोंडावर हसू म्हणून नाही. तेही असल्याच तापलेल्या ग्रहांची मॉडेलं चालवायचे, आणि त्यांचं नाव मोठं होतं. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सुरू करा."

सुनंदा उभी राहिली. म्हणाली, "माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण चुकीचं आहे."

हॉलमध्ये एकदम गलका. मागचा एक फेटेवाला उठला. त्याला वाटलं, परीक्षकच चूक म्हणाले. "ओ पावणं, पोरगी रात्रंदिवस अभ्यास करालीय आणि तुम्ही आल्या आल्या चूक म्हणताय व्हय?"

शामराव मागं वळले. "खाली बस. ती स्वतः म्हणालीय."

"स्वतः? मग बरोबर असंल," तो म्हणाला आणि बसला.

तिनं पडद्यावर दोन चित्रं लावली. एकात डोंगर आणि ढग. दुसऱ्यात डोंगर काढलेला. ढग गायब. कडेला नुसती पातळ धुरी, वर तशीच खाली. तिनं सगळं सांगितलं, कुठं शंका आली, सूर्य कसा सरकवला, ओळी कुठं सापडल्या, घाट कुठला. मी दाराशी ट्रे घेऊन उभा होतो. शामरावांकडं बघवत नव्हतं. ते पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडं बघत होते, जिथं ढग होता.

परीक्षकांनी विचारलं, "हा डोंगर मॉडेलमध्ये कोणी घातला?"

घोरपडे सर उठून उभे राहिले. "मी."

"आणि हे मॉडेल तुम्ही आणखी कोणाला दिलं होतं?"

"जो मागेल त्याला," सर म्हणाले. "तुमच्याकडचा एक विद्यार्थी येऊन सीडी घेऊन गेला होता. बरीच वर्षं झाली."

परीक्षकांनी समोरचं पाणी घेतलं आणि सगळा ग्लास संपवला. मग सुनंदाला म्हणाले, "त्या चार ओळी परत दाखवा."

तिनं दाखवल्या. ते जवळ जाऊन, चष्मा कपाळावर चढवून वाचत राहिले. मग खुर्चीत येऊन बसले.

"चौथं प्रकरण काढून टाका," ते म्हणाले. "त्याच्या जागी आज जे सांगितलंत ते लिहा. चूक कशी सापडली ते. मी पदवीची शिफारस करतो." आणि जागच्या जागी सही केली.

टाळ्या कुठं सुरू झाल्या ते कळलं नाही, पण हलगी गेटवर नव्हती एवढं खरं. ती हॉलच्या दारात आली होती. शिवानंद रडत होता आणि कानडीत कोणाला तरी शिव्या देत होता. शामराव गर्दीतनं वाट काढत सरांपाशी आले. म्हणाले, "सर, ढग गेला. आता बोर्ड उतरायचा का?"

"नाव राहू द्या," सर म्हणाले. "ढगावर कागद चिकटवा."

ह्या गोंधळात परीक्षक कुठं दिसेनात. पाहुण्याचा चहा राहिला म्हणून मी ट्रे घेऊन शोधत निघालो. ते व्हरांड्याच्या टोकाला, डेडस्टॉकच्या मोडक्या कपाटाआड, मोबाइल कानाला लावून पाठमोरे उभे होते.

"हां, आपलाच ग्रह," ते हळू बोलत होते. "तो पेपर छापायला गेला का? मग थांबवा. आजच थांबवा... अरे, ढगाचा आकार वगैरे मला सांगू नकोस. मी काय विचारतो तेवढं सांग."

ते जरा थांबले. चहाचा वास आला असावा, पण वळले नाहीत.

"गगनबावडा कुठं येतं, माहीत आहे का तुला?"